पोट फुगणं म्हणजे दरवेळी गॅस नसतो

आमच्या नात्यातल्या एक खाला गेल्या पावसाळ्यात तीन महिने गॅसच्या गोळ्या खात होत्या. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. घरातले म्हणाले, वय झालं, त्यात आंबोलीचा पाऊस, पचन बिघडणारच. आम्हीही तेच म्हणालो. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा पोटात पाणी साठलेलं. पुढच्या तपासण्यांत अंडाशयाचा कॅन्सर निघाला.

हा आजार लक्षणंच दाखवत नाही असं म्हणतात. ते अर्धंच खरं. लक्षणं असतात, पण ती पोटाच्या खात्यात जमा होतात. पोट फुगलेलं राहणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी. ब्रिटनमध्ये २०११ साली फॅमिली डॉक्टरांना साधा हिशेब दिला गेला : असा त्रास महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा होत असेल, त्यातून वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर तपासणी करा. कालनिर्णयवर खुणा करून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला तर त्यांनाही सोपं जातं.

आधी सीए-१२५ ही रक्ततपासणी. आकडा ३५ किंवा वर आला तर पोटाची सोनोग्राफी. आकडा कमी आला तरी त्रास थांबत नसेल तर परत जायचं. उलट आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये तो वाढतो. आपल्याकडे पोटाचा टीबी तर हुबेहूब असाच दिसतो, पोटात पाणी आणि वाढलेला सीए-१२५ दोन्ही. म्हणून तुकडा तपासून खात्री करतात. मात्र अंडाशयापुरत्याच संशयास्पद गाठीत सुई घालून पाणी काढू नये, पेशी पोटात पसरण्याची भीती असते.

पॅप तपासणीवर विसंबू नका, ती गर्भाशयाच्या मुखासाठी असते. त्रास नसताना दरवर्षी सीए-१२५ करण्याचाही उपयोग दिसलेला नाही. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवरचा अभ्यास २०२१ मध्ये पूर्ण झाला, त्यात मृत्यू कमी झाले नाहीत. पण घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. फुफूचा आजारही सांगायचा, कारण बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही येतो.

लेडी डॉक्टर मागणं हा बाईचा हक्क आहे. पण त्या वाटेकडे डोळे लावून महिने घालवू नयेत. पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीला तसंही फार संकोचण्यासारखं काही नसतं.

उपचार म्हणजे ऑपरेशन आणि केमो, बहुतेक वेळा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. ऑपरेशन शक्यतो याच कॅन्सरच्या सर्जनकडून करून घ्यावं. इथून घाट उतरून सावंतवाडी, पुढे बांबोळी नाहीतर परळचं टाटा. महात्मा फुले योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

खालांच्या तीन केमो झाल्या, मग ऑपरेशन, आता पाचवी केमो आहे. गाडी पहाटे पाचला निघते, कारण घाटात धुकं असतं.