पारसची राखड आणि नकाशावरची वर्तुळं

शेगावहून रेल्वेनं अकोल्याकडे निघालं की नागझरीच्या पुढे पारस येतं. वीज केंद्र अकोला जिल्ह्यातलं, पण त्याच्या राखडीचा हिशेब बुलढाण्यालाही चुकलेला नाही.

१९६०च्या दशकात इथं ३० आणि नंतर ६२.५ मेगावॅटचे संच सुरू झाले. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राखच. ती पाण्यात कालवून पाइपातून बंधाऱ्यात सोडली की काम संपलं, अशी तेव्हाची रीत. या रीतीनं चांगल्या मालाचं मातेरं केलं असं माझं मत आहे.

कोरडी फ्लाय ॲश, म्हणजे धुराबरोबर उडणारी राख, चिमटीत घेतली तर पिठाहून मऊ लागते. रंग करडा, अर्धवट जळालेला कोळसा उरला असेल तर काळपट. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे गोल मणी दिसतात, काही तर आतून पोकळ, पाण्यावर तरंगणारे. कोळशातली माती भट्टीत वितळते आणि धुराबरोबर जाताना इतकी झटकन निवते की स्फटिक बनायला फुरसतच मिळत नाही. या काचेतच सगळी करामत. एकटी राख पाण्यानं फारशी धरत नाही, पण सिमेंट भिजल्यावर सुटणारा चुना मिळाला की सावकाश दगडासारखी होते. आयएस ३८१२ या मानकानुसार सिमेंटात घालायच्या साध्या दगडी कोळशाच्या राखेत सिलिका, ॲल्युमिना आणि लोहाचं ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के हवं. धुरातली राख पकडणाऱ्या ईएसपी यंत्राच्या पहिल्या हॉपरमध्ये जाडसर राख पडते, शेवटच्यात सर्वांत बारीक. बंधाऱ्यात मात्र ही सगळी राख आणि भट्टीच्या तळाची भरड एकत्र होते, वर्षानुवर्षं ओली राहते.

सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्र सरकारची अधिसूचना आली: वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या मातीच्या विटांत किमान २५ टक्के राख घाला. पारसभोवती वर्तुळ काढलं तर शेगाव, खामगाव, नांदुरा आत येतात. मलकापूर भुसावळच्या दीपनगर केंद्राच्या वर्तुळात. बुलढाणा शहर बाहेर राहिलं. २००३ मध्ये मर्यादा १०० किलोमीटर झाली आणि बुलढाणा, मेहकरही आत आले. २०१६ मध्ये ३०० झाली, तेव्हा जिल्ह्यात कुणी बाहेर उरलंच नाही. मधल्या काळात, २००८ आणि २०१० मध्ये, पारसला २५०-२५० मेगावॅटचे दोन संच आले होते.

देशभरात १९९६-९७ मध्ये जेमतेम १० टक्के राख वापरली जायची. २०२१-२२ मध्ये २७ कोटी टनांपैकी सुमारे ९६ टक्के. आकडा दिपवणारा आहे, पण तो त्या-त्या वर्षीच्या राखेचा. जुन्या बंधाऱ्यांसाठी डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनं दहा वर्षांची मुदत दिली, न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपयांचा दंडही लावला. बंधाऱ्यातली ती राखड उकरून रस्त्याच्या भरावाला चालेल, फुगणाऱ्या काळ्या मातीत मिसळायलाही चालेल. सिमेंटवाले मात्र हॉपरखाली बल्कर (टँकर) लावून कोरडी राखच मागतात.