किडनीचं ऑपरेशन झालं, आता मीठ कोणतं?

ऑपरेशन अकोला, यवतमाळ नाहीतर नागपूरला होतं, पण पथ्य पाळायचं असतं ते मानोऱ्यातल्या आपल्या घरात. टाके निघाले की मिठाचा प्रश्न येतो आणि मायेपोटी घोळ होतो. पुण्याला कामाला असलेला पोरगा 'कमी सोडियमचं' महागडं मीठ पाठवतो. शेजारीण सांगते, सैंधव खा, ते औषधी असतं.

सैंधवाचं आधी सांगून टाकतो. तेही बहुतांश सोडियम क्लोराईडच. किडनीला त्यात सवलत नाही, वर आयोडीन बुडतं.

कमी सोडियमच्या मिठाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. त्यात सोडियमचा काही भाग कमी करून पोटॅशियम क्लोराईड घालतात. धडधाकट माणसाच्या रक्तदाबाला ते बरं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये तशी शिफारसही केली. पण किडनीचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुलं यांना त्यातून वगळलं. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते ती किडनीच. तिचं काम मंदावलं की ते रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. पुष्कळदा आधी काही जाणवतही नाही. त्यात रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असेल तर धोका वाढतो. पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या.

मग खायचं काय? नेहमीचंच आयोडीनचं मीठ, पण कमी. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी; डॉक्टरांनी आणखी कमी सांगितलं असेल तर तेवढंच. लोणचं, पापड, सुकट, शेव यांतलं मीठही याच हिशेबात धरायचं. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं, हे भज्यांच्या वेळी कुणाला आठवत नाही! भाकरीच्या पिठात मीठ घालू नका. पिठल्याला लसूण, जिरं, लिंबू वाढवा. आणि रुग्णाचं ताट वेगळं काढण्याचा भार एकट्या सुनेवर टाकण्यापेक्षा घरादाराचंच मीठ उतरवा.

भेटायला जाताना नारळपाणी नेऊ नका. त्यातही पोटॅशियम भरपूर असतं. टाके दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन मनानं आणू नका, त्या गोळ्या किडनीला बाधतात.

तपासणीला जाल तेव्हा घरातल्या मिठाचं पाकीट आणि चालू गोळ्या सोबत न्या. क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, हे डॉक्टरांना विचारा आणि आकडे फाईलवर लिहून घ्या.