जाळी पानाला टेकू देऊ नका

कोबीच्या वाफ्यावर जाळी अंथरली, तरी पंधरवड्यात पानांची चाळण होते आणि मग लोक जाळीच्या नावाने बोटं मोडतात. जाळी बहुतेक वेळा चांगलीच असते. पण ती थेट रोपांवर पसरलेली असते आणि तिथेच सगळं बिघडतं. पान जाळीला टेकलं की पतंगाची मादी बाहेर बसूनही त्यावर अंडी घालू शकते. बुलबुल आणि चिमण्या छिद्रांतून चोच घालून कोवळा पाला टोचतात. वारा सुटला की जाळी पानांवर घासत राहते. पानं आणि जाळी यांच्यात चार बोटं मोकळी हवा राहिली पाहिजे, आणि ती राखते कमान. परसात पैसे खर्चायचेच असतील तर ते जाळीवर खर्चावेत. कमान तर घरच्या घरी, जवळजवळ फुकटात होते.

बांबूची कामटी मला अजूनही सगळ्यांत भरवशाची वाटते. समजा, वाफा तीन फूट रुंद आहे आणि मधोमध दीड फूट उंची हवी आहे. असं अर्धवर्तुळ पावणेपाच फुटांचं होतं. दोन्ही टोकं फूट-फूट जमिनीत जायला हवीत, म्हणजे सात फुटांची कामटी घ्यायची. बुरुडाकडून अंगठ्याएवढ्या रुंदीच्या ओल्या कामट्या काढून आणल्या तर उत्तम. वाळलेल्या असतील तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवाव्यात. वाकवताना बांबूची हिरवी पाठ बाहेरच्या बाजूला यायला हवी. बांबूचे दाट, चिवट धागे पाठीकडे असतात आणि वाकवताना ताण बाहेरच्याच अंगाला येतो. पोट बाहेर गेलं की कामटी पेरापाशी तडकते. पेरांवरचे कंगोरे विळ्याने तासून विटेच्या तुकड्याने घासावेत. मग जुन्या सुती कापडाची चिंधी कामटीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून पाहावी. जिथे चिंधीचा धागा अडकेल, तिथेच पुढे जाळी फाटणार असते.

कामटीचा शत्रू म्हणजे जमिनीतली ओल आणि वाळवी. टोकांना डांबर किंवा जळकं ऑइल फासण्याची पद्धत आहे, पण खायच्या भाजीच्या मातीत ते नको. त्यापेक्षा जुन्या पाइपाचे दीड-दीड फुटांचे तुकडे वाफ्याच्या कडेला गाडावेत, तोंड वितभर वर ठेवावं आणि कामटीची टोकं त्यांत खोचावीत. कमान हवी तेव्हा काढता-घालता येते, हा आणखी एक फायदा.

बांबू मिळत नसेल तर घराच्या आसपास बघा. निरगुडीचे लांब, हिरवे फोक छान वाकतात आणि एका हंगामापुरते टिकतात. ठिबकची जुनी 16 मिलिमीटरची नळी एकटी उभी राहत नाही, लोळते. तिच्यात आठ गेजची जस्ती तार ओवली की कमान पक्की होते. तार आकार धरते, आणि नळीमुळे तापलेली किंवा गंजलेली तार जाळीला लागत नाही. वायरिंगचा पीव्हीसी पाइप दहा फुटांचा मिळतो. चार फुटी वाफ्याच्या दोन्ही कडांना सळईचे तुकडे ठोकून त्यांवर तो बसवला की टोमॅटोलाही पुरेल एवढी उंची मिळते. मात्र अरुंद वाफ्यावर तो जबरदस्तीने वाकवला तर मध्येच चेपतो, आणि काही उन्हाळे काढल्यावर ठिसूळ होतो. वांग्याला कमानीपेक्षा सरळ काठ्यांचा चौकोनी मांडव बरा. काठ्यांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्या की जाळीला भोकं पडत नाहीत.

कमानी साधारण तीन-तीन फुटांवर लावाव्यात. पावसाळ्यात रोपवाटिकेवर प्लास्टिकचा कागद घालायचा असेल तर दोन फुटांवरच, नाहीतर मध्ये पाणी साचून कागद खाली लोंबतो. सगळ्या कमानींच्या माथ्यावरून एक आढं, म्हणजे लांब काठी किंवा ताणलेली सुतळी, बांधून दोन्ही टोकांना खुंटीशी आवळली की सांगाडा डोलत नाही. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापराव्यात. त्या ताणल्या जातात, पण सुटत नाहीत. तीन फुटी वाफ्याला जाळी सहा-साडेसहा फूट पन्ह्याची घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना मातीत दाबायला पुरेसा काठ उरतो. एका बाजूचा काठ कायम मातीत आणि दुसऱ्या बाजूला विटा ठेवल्या, तर खुरपणीला उघडणं सोपं जातं.

जाळी कोणती, हे कीड कोणती यावर ठरतं. मिरची-टोमॅटोवर चुरडा-मुरडा आणि भेंडीवर केवडा आणणारी पांढरी माशी जेमतेम मिलिमीटरभर असते. तिला अडवायला इंचात 40 छिद्रांची बारीक जाळी लागते. जुन्या मच्छरदाणीतून ती सहज आत शिरते. कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग मात्र मच्छरदाणीनेही अडतो. फक्त ती मच्छरदाणी कीटकनाशकात बुडवलेल्या प्रकारची नसावी. रोप लावल्याच दिवशी जाळी घालावी. मागच्या कोबीच्याच वाफ्यात पुन्हा कोबी लावून झाकला, तर तिथल्या पाल्यापाचोळ्यातल्या कोषांतून निघालेले पतंग आतच सुरक्षित राहतात.

पाखरांसाठी म्हणून मिळणारी पातळ नायलॉनची, मोठ्या छिद्रांची जाळी मात्र घेऊच नये असं मी कळकळीने सांगेन. ती सैल पडली की बुलबुलाचे पाय गुरफटतात, आणि जमिनीवर लोळणाऱ्या काठात धामण अडकते. धामण परसातले उंदीर खाते. तिला मारून भाजी वाचवण्यात काय अर्थ आहे? बारीक छिद्रांची जाळी ताणून बसवली आणि काठ मातीत नीट दाबला, तर दोघंही वाचतात.

काकडी, दोडका, भोपळ्याला फुलं लागली की जाळी काढावीच लागते, नाहीतर मधमाश्या आत येत नाहीत आणि कळ्या गळतात. टोमॅटो, मिरची, वांग्याला ती अडचण नाही. सकाळी झाडं हलकेच हलवली तरी फळधारणा होते.

उन्हाळ्यात बारीक जाळीखाली हवा कोंडते, म्हणून एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीवर तिच्याऐवजी 50 टक्के सावलीची शेडनेट घालावी आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवावीत. वळवाचं आभाळ भरून आलं की आवरण गुंडाळून कमानी तशाच उभ्या राहू द्याव्यात. मोकळ्या कमानींमधून वारा निघून जातो, आवरणासकट मात्र तो सगळा सांगाडा उपटतो. हंगाम संपल्यावर कामट्या उपसून, माती झटकून, पडवीत आडव्या टांगून ठेवल्या तर पुढच्या वर्षीही चालतात. कुजलेलं टोक वितभर कापून टाकलं तरी त्या कामट्या रोपवाटिकेच्या बुटक्या कमानींना पुरतात.