पेटीतले पहारेकरी

घरात वीज आली म्हणजे आपली नजर दिव्याकडे जाते, पंख्याकडे जाते. दाराआडच्या भिंतीवरील वीजपेटीकडे मात्र काही बिघडल्याखेरीज कोणी पाहत नाही. वास्तविक घराची, शेताची आणि कारखान्याची राखण हीच पेटी करीत असते.

आमच्या बेळगाव जिल्ह्याचा यंत्रशक्तीशी संबंध जुना आहे. १८८७ साली गोकाकच्या धबधब्याची शक्ती तेथील सूतगिरणीसाठी कामाला जुंपली गेली. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका लयीत बांधले गेले. तेव्हापासून सोलापूरचा दिवा आणि सांबऱ्याचा दिवा सेकंदाला सुमारे पन्नास आवर्तनांच्या एकाच ठेक्यावर जळतो. सीमा माणसांनी आखली. विजेला ती ठाऊक नाही. परंतु एवढी प्रचंड शक्ती अखेर आपल्या दारी येते ती वीतभर पेटीत, आणि तिला तेथेच आवर घालावा लागतो.

शेतातील मोटरीचा स्टार्टर घ्या. हिरवे बटण दाबताच आतील वेटोळ्याचे लोहचुंबक बनते व ते संपर्कपट्ट्या ओढून धरते. वीज गेली की चुंबकत्व जाते, पट्ट्या सुटतात आणि वीज परतली तरी मोटर आपणहून सुरू होत नाही. ही गैरसोय नव्हे, ही योजना आहे. कारण त्या क्षणी कोणाचा हात पट्ट्यावर असेल, हे यंत्राला कळत नाही. त्याच पेटीत दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते. तीनपैकी एक फेज गेला की उरलेल्या दोहोंतील प्रवाह वाढतो, पट्टी तापून वाकते आणि मोटर जळण्यापूर्वी बंद होते.

उद्यमबागेतील ओतशाळांत आणि यंत्रशाळांत हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसते. यंत्राचे झाकण लागल्याखेरीज चाक फिरू नये, अशी साखळी पॅनेलमध्ये गुंफलेली असते. पूर्वी त्यासाठी रिलेंच्या रांगाच्या रांगा लागत. १९६८-६९च्या सुमारास अमेरिकेत आज्ञावलीवर चालणारा नियंत्रक निघाला आणि तारांचे जंजाळ पुष्कळ कमी झाले.

पहारेकरी असे सज्ज असताना आपण काय करतो? तीन फेजची वीज रात्री-अपरात्री येते, झोपमोड नको म्हणून आपोआप चालू होणारे यंत्र स्टार्टरला जोडतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जाड तांब्याची तार घालतो. ‘डायरेक्ट केली’ असे अभिमानाने सांगतो! पहारेकऱ्याचे डोळे बांधून घर सुरक्षित आहे असे मानण्यापैकीच हे होय. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही; पण तिच्यावरचा हा उपाय प्राणांवर बेतणारा आहे.

आणखी एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. फ्यूज किंवा एम.सी.बी. असली म्हणजे माणूस वाचेल, असे पुष्कळांना वाटते. ती मुख्यतः तारेला वाचवते. दहा अँपिअरची एम.सी.बी. दहा अँपिअरपर्यंत स्वस्थ बसते. माणसाच्या हृदयाला मात्र अँपिअरचा दहावा हिस्साही घातक ठरू शकतो. माणसासाठी वेगळी आर.सी.सी.बी. हवी. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा ती सतत ताळा घेते. त्यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोठेतरी, कदाचित कोणाच्या देहातून, जमिनीत जात आहे असे ओळखून ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्या जोडीला चांगले अर्थिंग हवेच. उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी घालण्याचा जुन्या वायरमनचा सल्ला आजही तितकाच खरा आहे.

आमच्या भागात पावसाळा लांबतो, भिंती ओल धरतात. तेव्हा मृगापूर्वी घरोघरी एवढे व्हावे: जाणत्या वायरमनकडून पेटी तपासून घ्यावी, जाड तार काढून योग्य फ्यूज घालावा आणि आर.सी.सी.बी.वरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबताच घरातील वीज गेली, तर समाधान मानावे. आपला पहारेकरी जागा आहे.