जुना तांदूळ, नवा तांदूळ

नवा तांदूळ शिजविला की भात चिकट होतो. वर्षभर ठेवलेला मोकळा शिजतो. मात्र ठेवण्याचा अतिरेक झाला, की त्यात सोंडे पडतात. संगणकाचा सारा कारभार चालविणारी जी मूळ प्रणाली, ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या निर्मात्यांपुढेही हाच पेच असतो. ‘डेबियन’च्या स्वयंसेवकांनी तो सोडविण्याची जी रीत बसविली, ती मोठी उद्बोधक आहे.

इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनचा आरंभ केला. प्रेयसी डेब्रा हिचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने हा शब्द बनविला. या प्रणालीला कोणी मालक नाही; त्यामुळे अमुक तारखेला नवी आवृत्ती बाजारात आलीच पाहिजे, असा व्यापारी तगादाही नाही.

डेबियनची कोठारे तीन: अस्थिर, चाचणी आणि स्थिर. नवी आज्ञावली बहुधा प्रथम अस्थिर कोठारात येते. त्याचे कायमचे नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या खोडकर मुलाचे! तेथे साधारणतः दोन ते दहा दिवसांत नवा गंभीर दोष दिसला नाही, तर ती चाचणी कोठारात जाते. सुमारे दोन वर्षांनी हे कोठार गोठविले जाते. नवी भर थांबवून केवळ दोष निवारले जातात, आणि मग त्याचीच स्थिर आवृत्ती होते. पुढे तिच्यात सुरक्षेचे छिद्र आढळले, तर सहसा नवी आज्ञावली न आणता जुनीतच तेवढी दुरुस्ती बसवितात. वाडा न पाडता किडकी तुळई बदलावी, तसे हे काम कष्टाचे आहे.

या सावधगिरीची किंमत डेबियनने मोजली आहे. जुलै २००२ नंतरची स्थिर आवृत्ती निघाली ती थेट जून २००५ मध्ये. दरम्यान, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच अस्थिर कोठारातून माल घेऊन ‘उबुंटू’ अवतरली आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देऊ लागली.

शिवाय मुरलेले ते निर्दोषच, असेही नाही. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या आज्ञावलीत केलेल्या एका किरकोळ भासणाऱ्या बदलाने गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या. तो दोष २००७ च्या स्थिर आवृत्तीत शिरला आणि मे २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानी आला नाही. प्रतीक्षा उपयोगी पडते ती कोणी डोळे उघडे ठेवून वापरत असेल तरच.

मार्च २०२४ मध्ये त्याची प्रचीती आली. फाइलींचा आकार लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत, तिच्या चालकांचा विश्वास प्रदीर्घ काळ संपादन केलेल्या एका व्यक्तीने चोरदरवाजा बसविला होता. अस्थिर आणि चाचणी या दोन्ही कोठारांत तो पोहोचलाही होता. आंद्रेस फ्रॉइंड हा तंत्रज्ञ सिडवर काम करीत असता, दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्याला जाणवले. एवढ्या क्षुल्लक विलंबाकडे दुसऱ्या कोणी कदाचित लक्षही दिले नसते; त्याने मात्र त्याचा माग काढला आणि मूळ सापडताच ते जाहीर केले. स्थिर कोठारात तेव्हा एक्सझेडची जुनीच आवृत्ती होती.