घाम गाळणारा देव

ऑलिंपसवरचे बहुतेक ग्रीक देव मेजवान्यांत आणि भांडणांत रमलेले असतात. हेफायस्टस तेवढा भट्टीपाशी सापडतो. उमेदीची वर्षं फाउंड्रीत काढलेल्या मला तो म्हणूनच सगळ्यांत जवळचा वाटतो.

हा विस्तवाचा देव, लोहारांचा आणि ओताऱ्यांचा. पायानं अधू. होमरच्या ‘इलियड’मध्ये तो स्वतःच सांगतो, की हे व्यंग लपवायला हेरानं, सख्ख्या आईनं, त्याला फेकून दिलं. थेटिस आणि युरिनोमी या जलदेवतांनी त्याला सांभाळलं. त्यांच्या गुहेत तो ९ वर्षं कडी, पेले, गळ्यातल्या माळा घडवत राहिला.

पुढे हीच थेटिस आपल्या मुलासाठी, अकिलीससाठी, चिलखत आणि ढाल मागायला येते. तेव्हा तो आपोआप चालणाऱ्या २० तिवया करण्यात गुंतलेला असतो. पाहुणी आल्याचं कळताच तो भाते आगीपासून बाजूला घेतो, हत्यारं गोळा करून चांदीच्या पेटीत ठेवतो. मग स्पंजनं तोंड, हात, मान, केसाळ छाती पुसतो, अंगरखा चढवतो आणि जाड काठी घेऊन लंगडत बाहेर येतो. आधी हत्यारं जागेवर, मग पाहुणे! भट्टीशेजारी उभं राहून पाहिल्याशिवाय हा क्रम कुणाला सुचणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग ढालीचं काम सुरू होतं. मुशींवर २० भाते फुंकर घालतात. कांसं, कथील, सोनं, चांदी आगीत पडतं. पाच थरांच्या त्या ढालीवर दोन नगरं, लग्नाची वरात, कापणी, द्राक्षमळा उमटतो. नांगरलेलं शेत सोन्याचं, तरी नांगरामागची माती काळी दिसते! युद्धाच्या वस्तूवर त्यानं एवढी नांदती माणसं घडवावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अथेन्सच्या लोकांनी त्याची कदर केली. इ.स.पू. ४४९च्या सुमारास आगोरा या बाजारचौकालगतच्या टेकडीवर त्याचं संगमरवरी मंदिर बांधायला घेतलं. भोवती ३४ खांब. आत त्याच्या आणि अथेना देवीच्या कांस्यमूर्ती होत्या. आसपास धातुकाम करणाऱ्यांची वस्तीच होती. पुढे मंदिराचं चर्च झालं, त्यामुळे ते वापरात राहिलं आणि टिकलं. अॅक्रोपोलिस टेकडीवरचं अथेनाचं मंदिर, पार्थेनॉन, १६८७च्या स्फोटात उद्ध्वस्त झालं. इथले सगळे खांब मात्र अजून उभे आहेत. अथेन्सला जाणाऱ्यांनी अॅक्रोपोलिस पाहून तसंच परतू नये. खाली आगोरात उतरावं आणि या कारागिराचं घरही सावकाश पाहावं.