कोडाच्या डागांवर सेल्फ टॅनर : घरच्या घरी एकसारखा रंग कसा आणावा?

"डॉक्टर, हे लावल्यावर डाग जातात ना?" तिने पर्समधून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. परदेशातल्या मावसबहिणीने पाठवलेला सेल्फ टॅनर होता तो. तिच्या दोन्ही हातांच्या पाठीवर आणि घोट्यांवर कोडाचे डाग होते. महिन्याभरापूर्वी तिने बाटलीवरच्या सूचना वाचून, आधी वज्रीने त्वचा चांगली घासून, मग सगळ्या हातापायांवर तो लावला होता. डाग थोडे तपकिरी झाले, पण आजूबाजूची त्वचा त्याहून गडद झाली. फरक दिसायचा तो दिसतच राहिला. आठवड्याभरात रंग उतरला आणि नंतर घोट्यावर, जिथे जोरात घासले होते तिथेच, नवे पांढरे ठिपके उमटू लागले.

तिचे चुकले असे म्हणता येणार नाही. सूचना तिने तंतोतंत पाळल्या होत्या. अडचण अशी की त्या सूचना अंगभर सारख्या रंगाची त्वचा असलेल्यांसाठी लिहिलेल्या असतात. कोड असलेल्या त्वचेसाठी त्यात काही बदल करावे लागतात. ते बदल कोणते आणि का, हे या लेखात पाहू.

आधी निदान, मग रंग

प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. शिबे, इसब बरे झाल्यावर राहिलेला फिका डाग, भाजल्याची खूण असे अनेक प्रकार असतात. डाग फिकट असेल आणि त्यावर स्पर्श किंवा गरम-थंड नीट कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घेणे गरजेचे आहे. तो औषधांनी पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर नसांना इजा होते. अशा डागावर रंग लावून तो झाकला, तर नेमका हा वेळ वाया जातो. म्हणून एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान पक्के करा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. काही जण कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणतात, पण कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तो स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा कपड्यांतून पसरत नाही.

सेल्फ टॅनर काम कसे करतो?

यातला मुख्य घटक म्हणजे डायहायड्रॉक्सिॲसिटोन, थोडक्यात डीएचए. ही एक साधी साखर आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातील अमिनो आम्लांशी तिची रासायनिक क्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो. तव्यावर भाकरीला किंवा भट्टीत पावाला जो खरपूस रंग येतो, तो याच जातीच्या क्रियेतून येतो. फरक इतकाच की त्वचेवर त्यासाठी उष्णता लागत नाही.

हा गुण योगायोगाने लक्षात आला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे इव्हा विटगेनस्टाइन या संशोधक एका चयापचयाच्या आजारासाठी मुलांना डीएचए तोंडावाटे देत होत्या. औषध मुलांच्या अंगावर सांडले, की काही तासांनी तिथली त्वचा तपकिरी झालेली दिसे.

कोडात रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात. पण वरचा मृत पेशींचा थर डागावरही शाबूत असतो. त्यामुळे मेलॅनिन नसतानाही डीएचएचा रंग तिथे चढतो. मेकअपसारखा तो घामाने किंवा पाण्याने लगेच निघत नाही आणि एकदा पक्का झाला की कपड्यांना लागत नाही. हा त्याचा मोठा फायदा.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. हा उपचार नाही. डाग त्याने बरा होत नाही आणि पसरायचाही थांबत नाही. मृत पेशी रोज झडत असतात, त्यांच्याबरोबर रंगही साधारण पाच ते सात दिवसांत उतरतो. हात वारंवार धुतले जातात, म्हणून तिथे तो आणखी लवकर जातो. गव्हाळ किंवा मध्यम सावळ्या त्वचेशी रंग बऱ्यापैकी जुळतो. गडद सावळ्या त्वचेशी तो पूर्ण जुळेलच असे नाही. तिथे डाग झाकण्यासाठी मिळणारे कॅमोफ्लाज क्रीम जास्त उपयोगी पडते.

सर्वांत महत्त्वाचे : घासू नका

रंग एकसारखा यावा म्हणून लावण्याआधी स्क्रब करा, असे जवळपास प्रत्येक बाटलीवर लिहिलेले असते. कोड असलेल्यांनी ही सूचना बाजूला ठेवावी. कोड सक्रिय असताना त्वचेला ओरखडा, घर्षण किंवा जखम झाली, तर त्याच जागी काही आठवड्यांत नवा डाग उठू शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. वर सांगितलेल्या मुलीच्या घोट्यावर हेच झाले होते.

म्हणून वज्री, घासणी, खरखरीत उटणे, दाणेदार स्क्रब काहीही नको. रंग लावायच्या आधी तीन-चार दिवस रोज साधे मॉइश्चरायझर लावा आणि अंघोळीच्या वेळी ओल्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसा. कोरडी त्वचा मऊ होण्यासाठी एवढे पुरते. वॅक्सिंगही त्या आठवड्यात टाळा.

बाटली निवडताना

आपल्याकडे सेल्फ टॅनर गल्लीतल्या दुकानात सहसा दिसत नाही. तो ऑनलाइन मागवला जातो किंवा परदेशातील नातेवाईक आणतात. घेताना पुढील गोष्टी पाहा.

• घटकांमध्ये डीएचए आणि शक्यतो त्याचे प्रमाण लिहिलेले असावे. युरोपीय संघाने सेल्फ टॅनरमध्ये १० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. घरी सुरुवात ३ ते ५ टक्क्यांनी करावी.
• वापराची मुदत संपलेली नसावी. उष्णतेने डीएचए खराब होतो, म्हणून बाटली उन्हात किंवा गाडीत ठेवू नका.
• सुगंधविरहित लोशन किंवा जेल घ्या. स्प्रे घेऊ नका. त्याची सीमा आवरता येत नाही, शिवाय तुषार श्वासात आणि डोळ्यांत जातात.

आधी दोन चाचण्या

पहिली ॲलर्जीची. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर लावा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली किंवा पुरळ आले तर हे उत्पादन तुमच्यासाठी नाही.

दुसरी रंगाची. कपड्याखाली झाकला जाणारा एक लहान डाग निवडा आणि त्यावर एकच हात द्या. दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली रंगाचा अंदाज चुकतो.

लावण्याची पद्धत

१. रात्री लावा. अंघोळ करून साबण पूर्ण धुऊन काढा, कारण त्वचेवर साबण राहिला तर रंगात पिवळट झाक येऊ शकते. अंग टिपून कोरडे करा आणि पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे थांबा. घाम येत असताना लावू नका.

२. डागाच्या कडेबाहेरच्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीची बारीक रेघ ओढा. निरोगी त्वचेवरही डीएचएचा रंग चढतो आणि ती आणखी गडद होते. ही जेली तिथे कुंपणासारखी काम करते. जेली डागावर मात्र जाऊ देऊ नका, तिथे रंग बसणार नाही.

३. कापसाच्या काडीने किंवा लहान मऊ ब्रशने फक्त डागाच्या आत लावा. मध्यापासून कडेकडे जा आणि कडेच्या एक-दोन मिलिमीटर आधी थांबा. थर अगदी पातळ असू द्या.

४. बोटांची पेरे, कोपर, गुडघे आणि घोटे इथली त्वचा जाड असल्याने तिथे रंग जास्त ओढला जातो. या जागी लोशनमध्ये तितकेच मॉइश्चरायझर मिसळून लावा.

५. हात लगेच साबणाने धुवा, नाहीतर तळवे आणि नखांच्या कडा पिवळ्या-तपकिरी होतात. हाताच्या पाठीवर लावले असेल तर फक्त तळवा आणि बोटांच्या आतली बाजू ओल्या कापडाने पुसा.

६. अर्धा तास तसेच सुकू द्या. मग सैल, जुने, गडद रंगाचे कपडे घाला. किमान सहा ते आठ तास पाणी लागू देऊ नका.

७. रंग दोन-चार तासांनी दिसू लागतो आणि पूर्ण यायला दिवसभर लागतो. तासाभरात काही दिसले नाही म्हणून पुन्हा लावू नका. फिका वाटला तर दुसऱ्या रात्री दुसरा पातळ हात द्या. हव्या त्या छटेपर्यंत असे दोन-तीन हात लागू शकतात.

एकदा रंग जुळला की तीन-चार दिवसांनी एक हात देऊन तो टिकवता येतो. रोज मॉइश्चरायझर लावल्यास तो ठिगळाठिगळांनी न उतरता सारखा उतरतो.

रंग चुकला तर?

घाबरू नका, आठवड्याभरात तो आपोआप जाणार आहे. खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा, रंग थोडा फिका होईल. लिंबू, खाण्याचा सोडा, ब्लीच यांचा प्रयोग करू नका. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात गेली तर चक्क भाजल्यासारखे फोड येऊ शकतात.

तपकिरी दिसते म्हणून उन्हापासून संरक्षण नाही

डागावर आता रंग आहे, पण मेलॅनिन नाही. त्यामुळे तो डाग पूर्वीइतकाच सहज उन्हाने भाजतो. डीएचएमुळे मिळणारे संरक्षण नगण्य असते. इतकेच नव्हे, तर लावल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत कडक ऊन लागल्यास त्वचेत घातक मुक्त कण जास्त तयार होतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून पहिला दिवस ऊन टाळा आणि नंतर रोज एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन लावा.

उपचार चालू असतील तर

मलम किंवा गोळ्या बंद करू नका. ज्या रात्री रंग लावाल त्या रात्री मलम कधी लावायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्या. प्रकाशोपचार चालू असतील तर रंग लावल्याचे आवर्जून सांगा, कारण हा थर काही प्रमाणात प्रकाश अडवतो. दर महिन्याला रंग पूर्ण उतरलेला असताना डागांचा एक फोटो काढा. नाहीतर खरा रंग परत येतो आहे की तो बाटलीतला आहे, हे तुम्हालाही कळणार नाही आणि आम्हालाही.

कुठे आणि कोणी लावू नये?

ओठ, पापण्या, तोंडाच्या आतला भाग, गुप्तांग आणि जखम किंवा इसब असलेली त्वचा येथे लावू नका. लहान मुलांसाठी, तसेच गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. टॅनिंगच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शने कोणीही घेऊ नयेत. गोळ्यांमधील कॅन्थाझॅन्थिन डोळ्याच्या पडद्यावर साचू शकते. मेलॅनोटानच्या इंजेक्शनांनी अंगावरचे तीळ गडद होऊन बदलू शकतात.

घरातल्या माणसांसाठी

लग्नसराईत आई-वडील मुलीला घेऊन येतात आणि हळूच विचारतात, "पाहण्याच्या कार्यक्रमापुरते काही लावता येईल का?" लावता येईल. पण आठवड्यात उतरणाऱ्या रंगावर आयुष्यभराचे नाते उभे करू नका. कोड आहे हे समोरच्यांना आधी सांगा. मग त्या दिवशी रंग लावायचा की नाही, हे मुलीला ठरवू द्या.

लग्नासाठी लावायचेच असेल तर महिनाभर आधी रंगीत तालीम करा. शेवटचा हात लग्नाच्या दोन रात्री आधी द्या. हळद डागांवर चोळू नका, नुसते बोट टेकवले तरी विधी होतो.

ती मुलगी पुढच्या वेळी आली तेव्हा घोट्यावरचे नवे ठिपके उपचारांनी थांबले होते. हातावर तिने कापसाच्या काडीने रंग लावला होता आणि तो छान जुळला होता. "रोज नाही लावत," ती म्हणाली, "मला वाटेल तेव्हाच लावते." सेल्फ टॅनर असाच वापरावा, आपल्या इच्छेने. कोणाच्या नजरेच्या धाकाने नव्हे.

रंग लावल्यानंतर खाज, फोड किंवा सूज आली, नवे डाग दिसू लागले किंवा जुने डाग वेगाने वाढू लागले, तर लावणे थांबवा आणि लवकरात लवकर त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.